मोडेम लागतो, पण अर्ध्या मिनिटात लाइन सुटते: युनिक्सवर डायल-अप हातानं उभं करताना

विचारलंय ते थोडक्यात असं: लिनक्सच्या संगणकाला सिरियल केबलनं बाहेरचा मोडेम जोडला आहे. नंबर फिरतो, शिट्ट्या ऐकू येतात, मोडेम ‘कनेक्ट’ म्हणतो आणि अर्ध्या मिनिटानं सगळं तुटतं. ऑप्शन्सच्या फाईलीत बरंच काही बदलून पाहिलं, फरक पडला नाही. ग्राफिकल प्रोग्राम नको आहे. हातानं नीट कसं उभं करायचं?

सुरुवात त्या अर्ध्या मिनिटापासूनच करतो, कारण निम्मं उत्तर तिथंच आहे. मोडेम लागला की पीपीपीडी (फोनच्या लाइनवर पीपीपी ही नेटवर्कची भाषा बोलणारा प्रोग्राम) समोरच्या यंत्राला एलसीपीची, म्हणजे जोडणीच्या अटी ठरवण्याची, विनंती पाठवतो. उत्तर आलं नाही तर ३ सेकंदांनी पुन्हा, असं १० वेळा. ३० सेकंद झाले की लॉगमध्ये ‘एलसीपी: टाइमआउट सेंडिंग कॉन्फिग-रिक्वेस्ट्स’ अशी ओळ टाकतो आणि फोन ठेवून देतो. म्हणजे लाइन सोडतोय तो तुमचाच संगणक. यावरून बरंच काही कळतं. टेलिफोन ठीक आहे, मोडेम ठीक आहे, पासवर्डापर्यंत गाडी पोचलेलीच नाही. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) आणि राऊट (डेटानं कुठल्या वाटेनं जायचं ते) तर फारच पुढची गोष्ट. तरी बहुतेक जण नेमके तेच बदलत बसतात.

डायल-अप म्हणजे एकावर एक रचलेले थर: पोर्ट, मोडेम, फोन कॉल, पीपीपी, मग आयपी. प्रत्येक थराची वेगळी चाचणी आहे आणि चुकल्यावर दिसणारा वेगळा संदेश आहे. खालचा थर हातानं तपासल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. (कमांड आणि फाईलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच नेहमीची रोमन स्पेलिंग.)

आधी पोर्ट. मदरबोर्डवरचं पहिलं सिरियल पोर्ट म्हणजे डेव्ह/टीटीवायएस०, दुसरं टीटीवायएस१. विंडोजचं कॉम१ ते इथलं शून्य, आणि या एकाच्या फरकापायी लोक तासन्‌तास भलत्याच पोर्टाशी बोलत राहतात. यूएसबी मोडेम टीटीवायएसीएम० म्हणून दिसतो, यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर टीटीवाययूएसबी० म्हणून. ॲडॉप्टर काढून पुन्हा लावला की क्रमांक बदलू शकतो, म्हणून डेव्ह/सिरियल/बाय-आयडी खाली असतं ते लांबलचक नाव वापरलेलं बरं. फ्रीबीएसडीवर बाहेर फोन लावायचा असेल तर ‘क्यूआ’ नावाचं डिव्हाइस घ्या, ‘टीटीवाय’वालं नको. दुसरं उघडताना कॅरिअर (समोरच्या मोडेमचा सूर) येईपर्यंत थांबून राहतं, आणि फोन लावल्याशिवाय कॅरिअर येणार कुठून!

परवानगीचाही घोळ असतो. डेबियन आणि उबुंटूवर युजरला ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं, आर्चवर ‘यूयूसीपी’ गटात. त्यानंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर गट लागू होत नाही. आणि मोडेममॅनेजर चालू असेल तर बंद करा. ही सेवा नवं यूएसबी पोर्ट दिसलं की न विचारता त्यावर एटी कमांड (मोडेमला द्यायच्या आज्ञा) पाठवून बघते. तुमचं बोलणं चालू असताना मधेच कोणीतरी ‘एटी’ म्हटलं की काय गोंधळ होईल ते सांगायला नको.

मदरबोर्डवरचं खरं सिरियल पोर्ट असेल तर रूट होऊन प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल ही फाईल कॅट करून बघा. दुसऱ्या टर्मिनलवर मिनिकॉममध्ये (पोर्टाशी हातानं बोलायचा प्रोग्राम) तेच पोर्ट उघडं असू द्या. एक ओळ साधारण अशी दिसेल:

०: यूएआरटी:१६५५०ए पोर्ट:०००००३एफ८ आयआरक्यू:४ टीएक्स:२१४ आरएक्स:५८७ आरटीएस|सीटीएस|डीटीआर|डीएसआर

या एका ओळीत पुष्कळ दडलेलं असतं. यूएआरटी म्हणजे सिरियल पोर्ट चालवणारी चिप. १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटचं बफर असतं. त्या जागी ८२५० किंवा १६४५० दिसलं तर बफर नाही, एका वेळी एकच बाइट. ११५२०० या वेगाला दर ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो, आणि तो उचलायला प्रोसेसरला उशीर झाला तर तो गेलाच. असे बाइट वाया जात असतील तर याच ओळीत ‘ओई’ आणि पुढे आकडा दिसायला लागतो. शेवटचा भाग त्याहून महत्त्वाचा. आरटीएस आणि डीटीआर हे तुमच्या बाजूचे सिग्नल, सीटीएस आणि डीएसआर मोडेमच्या बाजूचे. मोडेम चालू असून मोडेमचे दोन्ही गायब असतील तर केबल तीन तारांची आहे. अशा केबलवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल (बफर भरलं की तारेवरूनच ‘थांब’ सांगणं) बंद असेल तर ‘एटी’ला ‘ओके’ येतं, फोनही लागतो, आणि म्हणूनच ती फसवते. हार्डवेअर फ्लो कंट्रोल मात्र तिच्यावर कधीच चालणार नाही. सगळ्या तारा असलेली मोडेम केबल घ्या.

आता मोडेम. मिनिकॉम ‘उणे एस’ देऊन उघडा, पोर्ट निवडा, वेग ११५२००, ८-एन-१ (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट), हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू, सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंद. मोडेम ३३.६ किंवा ५६ किलोबिटचा असताना पोर्ट ११५२०० वर कशाला, असा प्रश्न पडतो. मोडेम व्ही.४२बिसनं डेटा दाबून पाठवतो, चांगला दाबला जाणारा मजकूर असेल तर चौपटीपर्यंत. त्यामुळे संगणक आणि मोडेममधला वेग हा मोडेम आणि मोडेममधल्या वेगापेक्षा बराच जास्त ठेवावा लागतो. पोर्ट ३८४०० वर ठेवलं तर ही सगळी कमाई पाण्यात.

‘एटी’ टाइप करून एंटर मारा. ‘ओके’ आलं पाहिजे. टाइप केलेलं दिसत नसेल तर ‘एटीई१’. मग ‘एटी&एफ’नं कारखान्याच्या सेटिंगवर आणा. रॉकवेल-कोनेक्झंट जातीच्या मोडेमला हार्डवेअर फ्लो कंट्रोलसाठी ‘&के३’ लागतं; यूएस रोबोटिक्सच्या बाहेरच्या मोडेमवर बहुधा ‘&एफ१’ दिलं की काम होतं. त्यानंतर ‘&सी१’ आणि ‘&डी२’. पहिल्यामुळे कॅरिअर सिग्नल खरा दिसतो, दुसऱ्यामुळे संगणकानं डीटीआर खाली घेतला की मोडेम फोन ठेवतो. ही दोन नसतील तर पीपीपीडी बंद झाला तरी कॉल चालूच राहू शकतो, आणि ते बिल आल्यावर कळतं. डायल टोन वेगळ्या सुराची असेल, जशी ऑफिसच्या ईपीएबीएक्सच्या मागे असते, आणि मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणून अडून बसत असेल, तर ‘एटीएक्स३’: टोनची वाट न बघता तो सरळ नंबर फिरवतो. सगळं जमलं की ‘एटी&डब्ल्यू’नं मोडेममध्येच साठवून टाका.

पीसीआय कार्डावरचा आतला मोडेम असेल आणि पोर्टच सापडत नसेल, तर तो बहुधा विनमोडेम आहे. त्याचं अर्धं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, आणि लिनक्सचे ड्रायव्हर मोजक्याच चिपसेटना, तेही जुन्या कर्नलपुरते मिळतात. त्यावर वेळ घालवू नका; बाहेरचा सिरियल मोडेम घ्या.

आता तुमच्या दुखण्याची खरी जागा. मिनिकॉममधूनच, पीपीपीडी मधे न आणता, ‘एटीडीटी’ आणि नंबर टाकून फोन लावा आणि ‘कनेक्ट’नंतर पडद्यावर काय येतं ते बघा. तीनच शक्यता असतात.

एक, पडद्यावर अशी चिन्हं येत राहतात: ~.}#.!}!}!} } आणि पुढे आणखी काही. कचरा वाटतो, पण ही खूण सगळ्यात चांगली. हीच पीपीपीची पहिली चौकट. ~ म्हणजे हेक्समध्ये ७ई, चौकटीची हद्द. } म्हणजे ७डी, ‘पुढच्या बाइटातला एक बिट उलटवून पाठवलाय’ अशी खूण; त्यामुळे }# हा मुळात ०३ असतो आणि }! हा ०१. मधलं .! म्हणजे सी०२१, हा एलसीपीचा प्रोटोकॉल क्रमांक. त्यामागचा पहिला }! म्हणजे कॉन्फिग-रिक्वेस्ट आणि दुसरा }! तिचा अनुक्रमांक. समोरचं यंत्र पीपीपी बोलतंय आणि तुमच्या उत्तराची वाट बघतंय.

दोन, काहीच येत नाही. एक-दोनदा एंटर मारून बघा. तरी शांतता असेल तर समोरचा सर्व्हर बहुधा तुमच्याकडून पहिली पीपीपी चौकट येण्याची वाट बघतोय. हेही चालतं.

तीन, ‘लॉगिन:’ असा प्रश्न येतो. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज हाच आहे. समोर माणसानं नाव टाइप करावं म्हणून गेटी हा लॉगिन विचारणारा प्रोग्राम बसलेला आहे, तुमची चॅट स्क्रिप्ट (मोडेमशी काय बोलायचं त्याची यादी) ‘कनेक्ट’वर संपते आणि पीपीपीडी लॉगिनच्या प्रश्नावर एलसीपी ओतत राहतो. लॉगमध्ये ‘सिरियल लाइन इज लूप्ड बॅक’ अशी ओळ किंवा ‘८-बिट क्लीन नाही’ अशी तक्रार सापडली तर समजा नक्की झालं. गेटी जे येईल ते परत छापतो, म्हणून पीपीपीडीला स्वतःच्याच चौकटी परत येताना दिसतात. ८-बिटची तक्रार वाचून लोक केबल आणि पॅरिटी बदलायला धावतात. दहातल्या नऊ वेळा कारण हे लॉगिनच असतं. नाव आणि पासवर्ड हातानं टाका. त्यानंतर ~ आणि } दिसायला लागले तर झालं. शेलचा प्रॉम्प्ट आला तर तिथे ‘पीपीपी’ किंवा सर्व्हरवाल्यांनी सांगितलेली कमांड द्यावी लागेल.

हातानं जे जमलं तेवढंच चॅट स्क्रिप्टमध्ये उतरवायचं. तिची रचना साधी: आधी काय ऐकायचं, मग काय म्हणायचं.

अबॉर्ट ‘बिझी’
अबॉर्ट ‘नो कॅरिअर’
अबॉर्ट ‘नो डायलटोन’
अबॉर्ट ‘नो डायल टोन’
टाइमआउट ७५
‘’ एटीझेड
ओके एटीडीटी आणि नंबर
कनेक्ट ‘’
ऑगिन: तुमचं नाव
आसवर्ड: \क्यू आणि तुमचा पासवर्ड

डायलटोन दोनदा आहे, कारण काही मोडेम तो एक शब्द म्हणून पाठवतात, काही दोन. ‘ऑगिन’ आणि ‘आसवर्ड’ हेही मुद्दाम: पहिलं अक्षर कधी मोठ्या लिपीत येतं, कधी लाइनवर गळतं, म्हणून ते सोडून उरलेलं शोधायचं. \क्यू मुळे पासवर्ड लॉगमध्ये छापला जात नाही. टाइमआउट मुळात ४५ सेकंदांचा असतो. लांबच्या कॉलला तो अपुरा पडतो, तेव्हा तो वाढवा आणि मोडेमचा एस७ रजिस्टरही (कॅरिअरची किती सेकंद वाट बघायची तो आकडा) वाढवा, नाहीतर चॅट थांबेल पण मोडेम कंटाळून फोन ठेवेल. पहिल्या किंवा दुसऱ्या शक्यतेत शेवटच्या दोन ओळी काढा आणि ‘कनेक्ट’पुढे ‘\डी\सी’ लिहा: एक सेकंद थांब आणि काहीही पाठवू नकोस. रिकामं अवतरण ठेवलं तर एंटर जातो, आणि काही सर्व्हर त्यावरून तुम्हाला माणूस समजून लॉगिन विचारायला लागतात.

आता पीपीपीडी. ईटीसी/पीपीपी/पीअर्स या डिरेक्टरीत सर्व्हरच्या नावानं एक फाईल करा. तिच्यात पोर्ट, ११५२००, कनेक्टपुढे चॅटची कमांड, आणि मग लॉक, मोडेम, सीआरटीएससीटीएस, नोआयपीडीफॉल्ट, डीफॉल्टराऊट, यूजपीअरडीएनएस, नोऑथ, आणि यूजरपुढे तुमचं नाव. इंटरनेटवर सापडणाऱ्या चाळीस ओळींच्या फाईली उचलून आणू नका. पहिला कॉल ‘पीपीपीडी कॉल’ आणि फाईलीचं नाव, सोबत ‘नोडीटॅच डीबग’ लावून करा, म्हणजे सगळं संभाषण डोळ्यांसमोर येईल. ‘सेंट’ने सुरू होणाऱ्या ओळी तुमच्या, ‘आरसीव्हीडी’च्या समोरच्या. नुसत्या ‘सेंट’च्याच ओळी असतील तर परत वरच्या तीन शक्यतांकडे जा.

‘नोऑथ’वरून फार गैरसमज आहे. ‘मला ओळख पटवायची नाही’ असा त्याचा अर्थ नाही. ‘समोरच्यानं मला ओळख पटवण्याची गरज नाही’ असा आहे. संगणकावर आधीपासून डीफॉल्ट राऊट असेल, म्हणजे दुसरं नेटवर्क जोडलेलं असेल, तर पीपीपीडी आपणहून समोरच्याकडे ओळख मागतो. सर्व्हर ती देणार नाहीच. मग ‘समोरच्यानं ओळख पटवणं आवश्यक आहे, पण त्यासाठी पासवर्ड सापडला नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, आणि माणूस आपलाच पासवर्ड पुन्हापुन्हा तपासत बसतो.

पॅप आणि चॅप या ओळख पटवण्याच्या दोन पद्धती. तुमची ओळख जाते ती पॅप-सीक्रेट्स किंवा चॅप-सीक्रेट्स या फाईलींतून. रकाने असे: तुमचं नाव, समोरच्याचं नाव (तिथे * चालतं), पासवर्ड. पहिल्या रकान्यातलं नाव ‘यूजर’पुढच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. पासवर्डात # किंवा रिकामी जागा असेल तर अवतरणात घाला. नावात बॅकस्लॅश असेल तर तो दोनदा लिहा. सर्व्हर पॅप मागेल की चॅप हे आधी माहीत नसतं, तेव्हा तीच ओळ दोन्ही फाईलींत टाका आणि दोन्हींची परवानगी ६०० ठेवा.

पीपीपीडी संपताना एक आकडा ठेवून जातो. शेलमध्ये लगेच इको करून बघा. लॉगपेक्षा पटकन दिशा मिळते. ८ म्हणजे चॅट स्क्रिप्ट फसली. १० म्हणजे पीपीपीची बोलणी फिसकटली. १६ म्हणजे मोडेमनंच फोन ठेवला. १७ म्हणजे लूपबॅक. १९ आला तर आनंद माना: फक्त नाव-पासवर्ड चुकलाय, खालचं सगळं जमलेलं आहे.

आयपी मिळाला की पीपीपी० दिसेल. आधी समोरच्याच पत्त्यावर पिंग करा, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्यावर, आणि शेवटी नावानं. पहिलं चाललं पण दुसरं नाही, तर राऊट बघा. आधीचा डीफॉल्ट राऊट असेल तर पीपीपीडी तो बदलत नाही, फक्त लॉगमध्ये तसं सांगतो. दुसरं चाललं पण तिसरं नाही, तर डीएनएस. ‘यूजपीअरडीएनएस’ सर्व्हरचे पत्ते ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये लिहितो, नेहमीच्या ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये नाही. डेबियनसारख्या वितरणांत आयपी-अप स्क्रिप्ट (जोडणी झाली की पीपीपीडी चालवतो ती) पुढचं काम करते. हातानं बसवलेल्या यंत्रावर ते तुम्हाला करावं लागतं. आयपी-अप लिहिताना प्रोग्रामचा पूर्ण मार्ग द्या. ती जवळजवळ रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालते आणि तिचा आउटपुट डेव्ह/नल मध्ये जातो, त्यामुळे फसली तरी ती गुपचूप फसते.

पिंग चालतो, छोटी पानं उघडतात, मोठी फाईल मात्र मधेच गोठते, ही तक्रार जवळपास नेहमी फ्लो कंट्रोलची असते. सीआरटीएससीटीएस दोन्हीकडे लागलाय का बघा: पीपीपीडीच्या फाईलीतही आणि मोडेममध्येही. एकीकडेच असून उपयोग नाही. आणि वर सांगितलेला ‘ओई’चा आकडा वाढतोय का तेही पाहा.

टेलिफोनची लाइन इंटरनेटवरून येणारी व्हीओआयपी असेल तर ५६ किलोबिट विसरा. आवाज दाबणारा कोडेक आणि एको कॅन्सलर मोडेमचे सूर बिघडवतात. ‘एटी+एमएस’ कमांडनं मोडेमला १४४०० किंवा ९६०० वर बांधून टाकलं तर निदान लाइन टिकते. चालू कॉलमध्ये बरोबर एखाद्या टप्प्यावर ‘नो कॅरिअर’ येत असेल तर कॉल वेटिंगची टूंटूं तपासा आणि ती सेवा बंद करून घ्या.

हेच सगळं मोबाइलच्या डाँगलला आणि जीएसएम मोड्यूललाही बऱ्याच अंशी लागू होतं. तिथे नंबर *९९# असतो, आणि त्याआधी ‘एटी+सीजीडीसीओएनटी’नं एपीएन (मोबाइल कंपनीच्या डेटा जोडणीचं नाव) सांगावा लागतो. मोड्यूल ‘कनेक्ट’ म्हणतं तेव्हा पीपीपी लगेच तिथेच सुरू होतं, म्हणून लॉगिनचा प्रश्न येत नाही. नाव-पासवर्ड बहुतेक वेळा काहीही चालतो.

लाइन सतत चालू ठेवायची असेल तर पर्सिस्ट (तुटली की पुन्हा जोड) लावा, आणि त्यासोबत एलसीपी-एको-इंटरव्हल ३० व एलसीपी-एको-फेल्युअर ४. मोडेमला कॅरिअर दिसतोय पण समोरचं यंत्र मेलंय, ही अवस्था त्याशिवाय पीपीपीडीला कळत नाही. होल्डऑफ, म्हणजे पुन्हा फोन लावण्याआधीचा थांबा, निदान मिनिटाचा ठेवा. मॅक्सफेल मुळात १० असतो, म्हणजे लागोपाठ दहा प्रयत्न फसले की पीपीपीडी गप्प बसतो. दूरच्या, कोणी जवळ नसलेल्या यंत्रावर तो ० करावा लागतो, नाहीतर सर्व्हर तासभर बंद राहिला की तुमचं यंत्र कायमचं तुटतं. पण शून्य केलात तर समोरच्यानं उचलूनही फसलेला प्रत्येक कॉल हा लागलेला कॉलच असतो आणि त्याचे पैसे पडतात, तेव्हा होल्डऑफ त्या हिशेबानं वाढवा.